धाब्यावरचा केळीचा बाग

"मास्तर, जरा वाकून चाला. घड लागीन डोक्याले."

नानाने पहिल्या भेटीत मला हे सांगितलं, तेव्हा आम्ही दोघं भर दुपारी त्याच्या धाब्यावर उभे होतो आणि डोक्यावर आभाळाशिवाय काही नव्हतं. धाबं म्हणजे आमच्याकडचं मातीचं सपाट छप्पर. त्यावर केळीचं पान नाही, घड तर नाहीच. पण नाना स्वतः खरोखर वाकून पुढे गेला, आणि काय सांगू, मीही वाकलो!

मी धुळ्याहून बदलून सावद्याला मास्तर म्हणून आलो, तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील. नानाच्या घराला लागूनच मी खोली घेतली. शाळेतून यावं, भाकरी खावी आणि घटकाभर पडावं, एवढंच सुख मी देवाकडे मागतो. तर डोळा लागतो न लागतो तोच शेजारच्या धाब्यावर धप्, धप्, धप् सुरू. चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी जाब विचारायला माझ्या जिन्याने वर चढलो, दोन धाब्यांमधला बुटका कठडा ओलांडला आणि वर सांगितल्याप्रमाणे वाकलो.

नानाने सगळ्या धाब्यावर शेतातला आपला केळीचा बाग मनाने आखला होता. पूर्वेच्या कोपऱ्यात विहीर, मधून पाट, पलीकडे बांध. पाट आला की धोतर वर धरून उडी. बांधावर चढताना पाऊल उंच. घड धरलेल्या ओळीत मान खाली. एवढं करून दम लागला नाही तर दंड काढायचा, बैठका मारायचा. सबंध आळीची लाकडंसुद्धा फोडून द्यायचा, मात्र लाकडं त्याच्या घरात आणून टाकावी लागत. कारण हा साठीकडे झुकलेला, पैलवानासारखा तगडा माणूस कित्येक वर्षांत घराबाहेर पडलेला नव्हता.

"पाय चालू पाहिजे, मास्तर," हे त्याचं पालुपद. खोकला झाला, पाय चालू पाहिजे. मुख्याध्यापक माझ्यावर डाफरले, तरी पाय चालू पाहिजे. मी म्हणायचो, अहो, पण तो रस्त्यावर चालवा की! मग नाना मिशीवरून हात फिरवायचा आणि विहिरीकडे निघून जायचा.

खरी हकीगत मला नानीने, म्हणजे त्याच्या बायकोने सांगितली. वडील गेल्यावर दोघा भावांत घर वाटलं गेलं. पुढचा भाग, अंगण आणि वेशीसारखा मोठा दरवाजा थोरल्या आबाकडे आला. मागचा भाग नानाकडे. मागे तर भिंतच, तेव्हा बाहेर पडायचं ते आबाच्या अंगणातूनच. पहिली दोन वर्षं कोणाला काही जाणवलंही नाही. मग आला पोळा. दरवाजातून पहिली जोडी थोरल्याची निघायची, हा रिवाज. पण वाजंत्री वाजली आणि नानाचा तांबडा बैल बिथरून आबाच्या जोडीपुढे घुसला. आबाने सगळ्या आळीदेखत तांबड्याच्या तोंडावर काठी मारली. सजवलेल्या बैलाला, पोळ्याच्या दिवशी! नानाचं डोकं फिरलं. तो तिथेच ओरडला, "याच्यापुढे तुह्या अंगणात पाय ठेवला तर आण हाये!" आणि घरात गेला तो गेलाच.

झालं. आबाही कमी नव्हता. म्हणाला, बसू द्या. दोन दिवसांत येईल.

शिडी लावून मागच्या बोळात उतरा, असं लोकांनी सुचवलं. नाना म्हणाला, शिडीने चोर उतरतात. मी माझा जिना देऊ केला, तर म्हणाला, बापाच्या घरातून निघायचं तर बापाच्या दारातून. अशा माणसापुढे कोण डोकं फोडणार?

पण शेतातल्या खऱ्या बागेसाठी त्याचा जीव कसा तुटायचा, ते मी रोज पाहत होतो. नानी बागेतून आली की तिला पाणी प्यायलाही सवड नाही. कितव्या ओळीला कमळ, म्हणजे केळफूल, निघालं? वाऱ्याने पानं फाटली का? बुंध्याशी फुटलेली पिलं काढली का? आणि या बागेकडे बघत कोण होतं, तर आबा. आधी धाकट्याच्या बागेला पाणी, मग स्वतःच्या. नानीने हे मला हळूच सांगितलं होतं. नाना बागेचं सगळं विचारायचा, पाणी कोण देतं एवढं कधी विचारायचा नाही. संध्याकाळी कठड्याला टेकून बागेच्या दिशेला पाहत उभा राहायचा, तेव्हा मला त्याच्याशी बोलवत नसे.

मग एका उन्हाळ्यात आबा आजारी पडला. ताप उतरेना, अन्न जाईना. घर वाटलं तरी वरचं धाबं सलग होतं, आणि आबाची खाट त्याच्या अगदी खालच्या खोलीत होती. नानाने चालणं एकदम बंद केलं. गुडघ्यांवर हात ठेवून नुसता बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आबाने नानीकडून निरोप धाडला की, वरचा आवाज का बंद झाला, बाग वाळला काय त्याचा? तेव्हा नाना उठला आणि अनवाणी, हलक्या पावलाने पुन्हा चालू लागला.

माझा मात्र संताप झाला. मी कठडा ओलांडला आणि त्याला चांगलं झापलं. सख्खा भाऊ खाली अंथरुणाला खिळलाय आणि तुम्ही इथे पाट ओलांडताय! कसली ही जिद्द?

नाना खाली बसला. बराच वेळ धाब्याची माती बोटाने उकरत राहिला.

"जिद्द तं दुसऱ्याच दिवशी गेली होती, मास्तर," तो म्हणाला. "पन आण त्याची घातली मी. रागात तोंडातून निघून गेलं, 'तुही आण हाये' म्हनून. वाजंत्रीत 'तुही' कोनाले आयकू गेलं नाही. माही घातली असती तं कवाच उतरलो असतो."

म्हणजे तो आबावर रुसून बसला नव्हता. आपण पाऊल टाकलं आणि थोरल्याचं काही बरंवाईट झालं तर, या धास्तीने एवढी वर्षं हा गडी धाब्यावर फिरत होता. शपथ ज्याच्या नावाची, त्यानेच ती सोडवायची असते. आणि आपल्याच मोठ्या भावाला 'सोडव' म्हणायला याची जीभ रेटत नव्हती.

मी तसाच खाली आबाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. आबाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

"मले वाटे, पोरगं अजून रागात हाये," एवढंच तो बोलला.

मग म्हणाला, उठवा मला. माझ्या आणि नानीच्या खांद्यावर हात टाकून तो अंगणात आला. नाना वर काठाशी उभाच होता. आबाने मान वर केली. "सुटली रे नाना," तो म्हणाला. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाला, "सुटली. ये."

नाना जिना उतरून आपल्या उंबऱ्याशी आला.  मग अंगणात पाऊल टाकलं आणि आबाला धरून त्याच्या खाटेपर्यंत घेऊन गेला.  मला तिथे थांबवेना, मी घरी आलो.

आता नाना धावत बागेत जाईल, असं सगळ्यांना वाटलं. तो गेला नाही. आबाच्या पायथ्याशी बसून त्याचे पाय चोळायचा, गुडघे दुमडायचा, हात धरून खोलीतल्या खोलीत दोन पावलं चालवायचा. पाय चालू पाहिजे, हे पालुपद आता आबाच्या वाट्याला आलं होतं. कोणी बागेचं नाव काढलं की म्हणायचा, आबा बरा झाला की संगं जाऊ.

आबा पोळ्याच्या आधीच गेला.

पंधरवड्यानंतर एका सकाळी नाना डोक्याला पटका बांधून मोठ्या दरवाजातून बाहेर पडला. मी शाळेला निघालो होतो. दुपारी परत येतो तर हा अंगणातच बसलेला. मी विचारलं, काय नाना, पाहिला बाग? मन भरून हिंडलात की नाही?

"आबानं झकास ठेवला हाये," नाना म्हणाला. "पन लय मोठा झाला, मास्तर. दोन ओळी गेलो आन माघारी आलो. एकट्याच्यानं चालनं होत नाही."