भाजीच्या पाण्याचा कस

दुसरा रिपोर्ट आला आणि शिवमूर्तीअप्पांच्या घरात चोराचा शोध सुरू झाला.

अप्पांच्या किडन्या थकल्याचं डॉक्टर अमृतरावांनी चैत्रातच सांगितलं होतं. मीठ बेतानं, डाळ मोजून, केळी आणि नारळपाणी बंद. भाज्या बारीक चिरून दोन तास भिजवायच्या, मग नव्या पाण्यात उकळायच्या आणि ही दोन्ही पाणी ओतून द्यायची. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की काळजाचा ठोका चुकतो, हेही त्यांनी बजावलं. आकडा सहाच्या वर गेला तर हैदराबादला रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर न्यावं लागणार होतं. तेव्हा पाच पूर्णांक चार होता. आता सोलापूरहून आलेल्या कागदावर पाच पूर्णांक आठ होता.

"पथ्य मी जिवापाड पाळते," अप्पांच्या पत्नी नीलम्मा म्हणाल्या. "मग हे वाढलं कसं? घरात न्हाई तर भाईर कुठंतरी खाऊन राहिले हे."

पथ्य त्या खरोखर पाळत होत्या. बटाटा भिजवत, दोडका भिजवत, पालक तर डोळ्यांआड केला होता. फक्त पाणी ओतून देणं त्यांच्या हातून होईना. लातूर जिल्हा झाल्याचे पेढे वाटून चार वर्षं झाली होती, पण नळाला ती बातमी अजून पोचली नव्हती. आठ दिवसांतून एकदा टँकर येई. अशात भरलं पातेलं मोरीत उपडं करणाऱ्या बाईला महादेव कसा क्षमा करील? शिवाय भाजीचा सगळा कस त्या पाण्यातच उतरतो, हे त्यांना आईनं शिकवलं होतं. कस आजारी माणसाच्या पोटात नाही जायचा तर कुणाच्या? म्हणून साऱ्या घराच्या भाज्यांचं पाणी त्या तांब्याच्या घागरीत साठवत. अप्पांच्या भाकरीचं पीठ त्यातच भिजे, अप्पांचं वरणही त्यातच शिजे. घरातल्या बाकीच्यांना साधं पाणी.

पहिला संशय अप्पांच्या दुकानावर गेला. मुलगा वीरभद्र चार दिवस कापडाच्या गठ्ठ्यांआडून वडिलांवर नजर ठेवून होता. त्यांनी गिऱ्हाइकाला चहा पाजला, स्वतः घेतला नाही, एवढंच त्याला दिसलं. मग संशय देवळाकडे वळला. महादेवाच्या देवळात शिवनाम सप्ताह बसला होता आणि प्रसाद केळ्यांचा होता.

अप्पांनी सप्ताहाचं कीर्तन कधी चुकवलं नव्हतं. मृदंगावर थाप पडली की त्यांचं दुखणं अर्धं होई. नीलम्मांनी त्यांना अडवलं नाही, पण शेजारच्या लक्ष्मम्माला विश्वासात घेतलं. लक्ष्मम्मानं ही गोष्ट फक्त पाच जणींना सांगितली. तिसऱ्या दिवशी बायकांची अख्खी बाजू महाराजांकडे पाठ करून अप्पांना निरखत होती. महाराज भक्ताच्या निर्मळ मनावर गाऊन सांगत होते, टाळकऱ्यांचा आवाज टिपेला गेला होता, अप्पांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. नीलम्मांना मात्र त्यांच्या उपरण्याचा सोगा फुगलेला दिसला. भर कीर्तनात त्यांनी तो उलगडायला लावला. आत जपमाळ निघाली.

त्या दुपारी घरी येऊन त्या देवघरापुढं बसल्या.

"चोरी कबूल व्हईस्तोवर मी अन्न घेणार न्हाई."

अप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून सांगितलं की त्यांनी काहीच खाल्लेलं नाही. नीलम्मा म्हणाल्या, खाणारे असंच सांगतात. एक दिवस गेला. दुसरा गेला. त्या नुसत्या पाण्यावर होत्या, तरी त्यांनी अप्पांचं पथ्य सोडलं नाही. उपाशी पोटी त्या घागरीतलं पाणी घेऊन अप्पांचं पीठ भिजवत. तिसऱ्या दिवशी चुलीपाशी उठताना त्यांना भोवळ आली. वीरभद्रानं सावरलं म्हणून बरं.

अप्पांनी त्यांना पाणी पाजलं. मग म्हणाले, "खाल्ली म्या. दोन केळी. देवळामागं."

नीलम्मा रडल्या, मग जेवल्या, आणि हात धुताच अप्पांना दवाखान्यात घेऊन गेल्या. चोरी कबूल झाली होती, आता डॉक्टरांनी चार शब्द सुनावायचे होते. पण डॉक्टरांच्या हातात त्याच सकाळी आलेला नवा कागद होता. पाच पूर्णांक नऊ.

"किती केळी म्हणालात, अप्पा?"

"दोन."

"रोज?"

अप्पा गडबडले. त्यांनी बायकोकडे बघितलं. "एकदाच. म्हंजे... दोनदा."

डॉक्टरांनी मान हलवली. एवढ्यानं आकडा असा चढत नाही, रोज काहीतरी पोटात जातंय, असं म्हणून ते नीलम्मांकडे वळले आणि स्वयंपाक सुरुवातीपासून सांगायला लावला. नीलम्मांनी चिरणं सांगितलं, भिजवणं सांगितलं, उकळणं सांगितलं.

"आणि पाणी?"

"एक थेंब वाया जाऊ देत न्हाई," नीलम्मा अभिमानानं म्हणाल्या. "समदा कस ह्यांच्याच भाकरीत घालते."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग, त्या पाण्यात उतरतं ते पोटॅशियमच असतं, हे शक्य तितक्या हळू आवाजात समजावलं. नीलम्मांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्या नवऱ्याकडे वळल्या.

"मग तुम्ही खाल्ली म्हणून का सांगितलं?"

"तू जेवत नव्हतीस," अप्पा म्हणाले.

डॉक्टरांनी औषध वाढवून दिलं आणि तीन दिवसांनी पुन्हा रक्त बघितलं. खरं कारण कळलं त्या घटकेपासूनच भाजीचं पाणी अंगणातल्या बेलाला जाऊ लागलं. पंधरा दिवसांनी आकडा पाचावर उतरला. हैदराबाद टळलं. नीलम्मांनी दवाखान्यातच कागद कपाळाला लावला, पण खुर्चीवरून उठेनात.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू? सारा गाव ह्यांना केळीचोर म्हणतो, माझ्यामुळं. आळ तर आलाच हाय. मग आज निदान अर्धं केळं द्यावं का ह्यांना?"

डॉक्टर बोलायच्या आत अप्पांनी हात जोडले.

"नगं, साहेब. आज खाल्लं तर उद्या ही लातूरभर सांगंल, बघा, म्या म्हणत व्हते ते खरंच निघालं."