पुढच्या गाडीचा मान

मोटारसायकल चालवण्यात आमच्या डोंगरावर माझा हात धरणारा कोणी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गेल्या वर्षी सगळ्या गावासमोर मी गाडीसकट दलदलीत रुतलो, ही गोष्ट वेगळी. त्यात चूक दलदलीची होती!

पण गावाने ते फारच मनाला लावून घेतलं. आमच्याकडे वेल्समध्ये लोकर कातरायच्या आधी सगळे शेतकरी मोटारसायकलींवरून डोंगर चढतात आणि सगळ्यांच्या मेंढ्या मिळून खाली आणतात. सर्वांत पुढच्या गाडीचा मान वर्षानुवर्षं माझा. आमच्या शेतकरी मंडळाचे अध्यक्ष इडवलकाका, त्यांनी तो काढून कोणाला द्यावा? माझ्या बायकोला, नेरिसला! आणि मला नेमलं फाटक उघडायला.

"फाटकाचं काम काय सोपं आहे का, मायरिग?" नेरिस माझी समजूत घालत होती. "उघडलेलं पुन्हा लावावंही लागतं!"

जिव्हारी लागलं हो! डोंगराच्या पलीकडे खडकाळ रानात मोटारसायकल शिकवणारी एक शाळा आहे. तिथे मी गुपचूप नाव घातलं. घरी सांगितलं, दात काढायला चाललोय.

शिकवणारी मारेड माझ्या मुलीच्या वयाची. मी माझ्या गाडीवर ऐटीत बसलो आणि तिने कपाळाला हात लावला.

"काका, बसू नका!"

"मग काय ढकलत नेऊ?"

"फूटरेस्टवर उभे राहा. गुडघे सैल. नजर लांब, वाटेच्या टोकाला. जिकडे बघाल तिकडे गाडी जाते. मागे तर मुळीच बघायचं नाही!"

गेल्या वर्षी मी दलदलीकडेच टक लावून बघत होतो, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पण ते तिला कशाला सांगा?

सकाळभर मी काटेरी झुडपांत लोळलो. दुपारी मात्र जमायला लागलं. तेवढ्यात पाऊस आला. बाकीच्यांनी महागडे रेनकोट चढवले. आम्ही वेल्सचे डोंगरकरी असले लाड करत नाही! पेंडीच्या रिकाम्या पिवळ्या पोत्याला डोक्याहातांपुरती भोकं पाडून ठेवलेली असतात. ते मी अंगात घातलं.

"आता एकटे टेकडीला वळसा घालून या," मारेड म्हणाली.

काय निघालो म्हणता! ओढा पार, दगड पार, चढ पार! मागून मारेड ओरडली, "काका, मागे बघा! मागे!"

मला फसवते काय? परीक्षाच घ्यायची होती तर जरा अवघड घ्यायची! मी मान ताठ ठेवून गाडी आणखी पळवली. ती ओरडत राहिली, मी पळवत राहिलो. माथ्यावर पोचलो तर खाली वाटेच्या टोकाला आमच्या गावच्या प्रार्थनाघराचं छप्पर दिसत होतं. नजर तिथे लावली आणि मारेड म्हणाली होती तसंच झालं, गाडी तिकडेच गेली. वळशाचं राहूनच गेलं.

उतार संपला तर समोर आमचंच गाव. फाटक सताड उघडून नेरिस उभी! शेजारी इडवलकाका, तोंडाचा आ वासून. मी उभ्याउभ्याच आत शिरलो, झोकात वळवून गाडी थांबवली आणि तेव्हा कुठे मागे पाहिलं.

अख्खा डोंगर माझ्यामागे आला होता! माझ्या मेंढ्या, इडवलकाकांच्या मेंढ्या, ज्याच्याशी आमचं बोलणं नाही त्याच्यासुद्धा मेंढ्या! हिवाळ्यात सगळे शेतकरी असल्याच पिवळ्या पोत्यातून त्यांना पेंड घालतात. आमच्या मेंढ्या मालकाला ओळखणार नाहीत, पोत्याला ओळखतात. पोत्यात काही नाही म्हटल्यावर त्या चिडल्या आणि इडवलकाकांनी भाज्यांच्या प्रदर्शनासाठी लेकरासारखा जपलेला कांद्याचा वाफा डोळ्यांदेखत फस्त झाला.

"दात काढलास?" नेरिसने विचारलं.

"हो."

"डॉक्टरने मेंढ्या फुकट दिल्या वाटतं!"

लोकर कातरायला अजून अवकाश होता, त्यामुळे मेंढ्या परत डोंगरावर नेता नेता सगळ्या गावाचा घाम निघाला. तरी मंडळाच्या बैठकीत इडवलकाका उठून म्हणाले, "एकही मेंढी मागे न ठेवता डोंगर खाली आणलेला मी जन्मात पाहिला नव्हता. यंदा पुढचा मान..." माझी छाती फुगली. "...त्या पोत्याला!"

टाळ्या काय पडल्या! ठरल्या दिवशी पोतं सर्वांत पुढे होतं. नेरिसच्या अंगात.

मी फाटकावर. पण खोटं कशाला सांगू, फाटक मी अगदी वेळेवर उघडलं, सगळ्या मेंढ्या आत घेतल्या. लावायला विसरलो, ही गोष्ट वेगळी.