तडजोडीला आलेला माणूस

भिंतीला तडा गेलाय हे घरात सगळ्यांत आधी मला दिसलं, हे आत्ताच सांगून टाकतो. कारण पुढे जे काही झालं त्यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच आहे.

नव्या घरात येऊन आम्हाला फार दिवस झाले नव्हते. भिंतींना अजून रंगाचा वास होता, खिडक्यांच्या काचांवर कंपनीचे स्टिकर होते (ते मी मुद्दामच काढले नव्हते, घर नवं आहे हे पाहुण्यांना वेगळं सांगावं लागत नाही). आणि मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून निघून थेट दारापर्यंत गेलेला एक तिरका तडा होता. त्याच्या खाली ओल.

ही खोली माझ्या सासऱ्यांसाठी होती. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहत होते. त्यांना दमा आहे, आणि त्याहून जास्त संकोच आहे. "तुमच्या घरात माझी कशाला अडचण," असं म्हणत त्यांनी आजवर आम्हाला वाटेला लावलं होतं. ही एक जादा खोली मिळावी म्हणून तर आम्ही हे घर घेतलं. बायकोने हात जोडून, रागावून, शेवटी रडून त्यांना यायला तयार केलं होतं.

"अहो, बिल्डरच्या ऑफिसला एक फोन करा," ही म्हणाली. "बाबा यायच्या आत झालं पाहिजे. त्या ओलीत त्यांचा दमा उसळणार, आणि एकदा का ते परत गेले की पुन्हा यायचं नाव काढणार नाहीत."

एक फोन. दुसऱ्या कोणी तो केला असता आणि विषय तिथेच मिटला असता. पण मी पडलो आवक-जावक विभागातला. इतकी वर्षं लोकांच्या तक्रारींवर शिक्के मारून मारून माझं असं मत झालंय की, नुसतं बोलून जगात काही होत नाही.

"फोनबिन काही नाही," मी म्हणालो. "हे कायद्याने करायला हवं."

"कायद्याने नाही, गवंड्याने करायला हवं," ही म्हणाली.

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तिचा धाकटा भाऊ वकील आहे, त्याच्याकडे गेलो. मेहुणा तसा शांत आहे. मी बोलत असताना तो डोळे मिटून घेतो. मला वाटतं एकाग्रतेसाठी. हिचं मत वेगळं आहे.

"भावोजी, आपली बाजू भक्कम आहे," तो म्हणाला.

"भिंतीची नाही," मी म्हणालो. (विनोद चांगला होता. त्याने डोळे उघडले नाहीत.)

"आधी बिल्डरला लेखी कळवायचं. ताबा घेतल्यावर मुदतीच्या आत बांधकामात दोष निघाला, तर तो त्यानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करून द्यायचा असतो. नाही केला, तर ग्राहक आयोगाकडे तक्रार. तिथेही नाही भागलं, तर वर अपील. नाहीतर समोरासमोर बसून तडजोड. पण तडजोडीचं एक लक्षात ठेवा, पहिल्या भेटीत हो म्हणायचं नाही. समोरचा गोड बोलेल, तुम्ही विरघळू नका. आणि तोवर भिंतीला हात लावू नका, तो पुरावा आहे."

त्यानं सांगितलेल्या सगळ्यातलं शेवटचं तेवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. घरी आलो आणि मागच्या खोलीला कडी घातली. हिला ओल पुसू दिली नाही. पंखा लावू दिला नाही. एकदा ती फडकं घेऊन आत गेली तर मी दारात आडवा उभा राहिलो.

"पुरावा वाळेल," मी म्हणालो.

"तो वाळावा म्हणूनच चाललंय ना सगळं?" तिने विचारलं. याला कायद्यात उत्तर असणार, असं म्हणून मी कडी पुन्हा घातली.

पत्र मात्र मी झकास लिहिलं. मेहुण्याने ते वाचलं, त्यातला बराचसा भाग खोडला आणि उरलेलं पाठवलं.

आणि एके दिवशी बिल्डरच्या ऑफिसातून फोन आला. आता आमच्या नव्या घराचा आणखी एक दोष सांगायला हवा. फोनला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीशी मिळते. मी तिकडे धावलो. ओट्यावर हिचा मिक्सर चालू होता. फोनवर एक मुलगी म्हणाली, "सर, उद्या सकाळी तडजोडीला माणूस पाठवतोय. घरी असाल ना?"

"असेन," मी जमेल तितक्या थंडपणे म्हणालो.

मिक्सर थांबला. हिने विचारलं, "कोण होतं?"

"उद्या त्यांचा माणूस येतोय."

हिचा चेहरा उजळला. "देव पावला. मला उद्या सुट्टी नाही, तुम्ही थांबा. त्याला खालची ओलही दाखवा. आणि चहा विचारा, चहा दिला की माणसं नीट काम करतात."

चहा पाजून विरघळवायचं, हा डाव माझ्या लक्षात आला नव्हता. मनातल्या मनात मी बायकोचं कौतुक केलं.

सकाळी मी इस्त्रीचा शर्ट घातला, हॉलमध्ये दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. बेल वाजली. दारात एक ठेंगणा, साधासा माणूस. हातात जड कापडी पिशवी. कागदपत्रं असणार. बिल्डरने मुद्दाम असा गरीब चेहऱ्याचा माणूस निवडलाय, म्हणजे आपण गाफील राहू, हे मी तिथेच ओळखलं.

"ऑफिसनं पाठवलंय," तो म्हणाला. "जागा बघू का?"

"जागा नंतर. आधी बसा."

"बसून कसं होणार साहेब?"

"असल्या गोष्टी उभ्या उभ्या होत नाहीत."

तो बिचकत बसला. मी चहा दिला. माझा स्वतःचा मुद्दाम घेतला नाही.

"बोला," मी म्हणालो. "कितपत भरून द्यायची तयारी आहे?"

"पूर्ण भरून देणार. वरवर भरलं की पुन्हा उघडतं."

पूर्ण भरपाई! क्षणभर मी विरघळत होतो. मग मेहुण्याचे मिटलेले डोळे आठवले.

"आणि त्याच्या बदल्यात?"

"बदल्यात काय? आधी थोडी फोडाफोडी करावी लागेल, तेवढं सोसा."

"फोडाफोडी?"

"थोडी तुमच्या बाजूनं, थोडी शेजारच्यांच्या. त्यांच्याशी बोलणं झालंय, त्यांची हरकत नाही."

म्हणजे शेजारी आधीच फुटला होता. कालच जिन्यात भेटला तेव्हा कसा हसला होता, ते आता माझ्या ध्यानात आलं.

"आणि मग?"

"मग दोन्ही बाजू एकत्र बांधून टाकायच्या. वरून पांढरा हात मारला की कोणाला कळणारसुद्धा नाही, इथे काही झालं होतं म्हणून."

माझ्याच घरात, माझाच चहा पिऊन, हा माणूस प्रकरण दडपण्याची भाषा इतक्या सहज करत होता, की माझं रक्त तापलं. मी उभा राहिलो.

"मला ही तडजोड मान्य नाही."

तो गोंधळला. "तडा जोडायचा नाही?"

"नाही म्हणजे नाही. आता आपण योग्य त्या ठिकाणी भेटू."

त्याने भिंतींवरून नजर फिरवली. "कुठलं ठिकाण ते दाखवा, तिथलं करतो."

"ते तुम्हाला कळवण्यात येईल," मी म्हणालो. या वाक्यावर माझी हयात गेली आहे.

"मग ऑफिसला काय सांगू?"

"मी म्हणालो तेच सांगा. शब्दन्‌ शब्द सांगा."

तो गेला. चहाचा कप त्याने स्वतः विसळून ठेवला होता, ही मात्र मला जरा अतिहुशारी वाटली.

संध्याकाळी ही आली ती चपला काढून थेट मागच्या खोलीत. कडी काढली, दिवा लावला आणि तड्यावरून बोट फिरवलं.

"गवंडी आला नव्हता का?"

"गवंडी कुठला? तडजोडीला माणूस आला होता. लावला वाटेला."

"काय म्हणाला तो?"

मी रंगवून सांगितलं. ठेंगणा माणूस, जड कापडी पिशवी, भरपाई, शेजाऱ्याची फितुरी, पांढरा हात. सांगता सांगता माझा आवाज आपोआप खाली येत गेला. काही काही वाक्यं दुसऱ्यांदा उच्चारली की निराळीच ऐकू येतात.

"त्याच्या पिशवीत काय होतं?" हिने शांतपणे विचारलं.

"कागदपत्रं असावीत."

"अहो, मला तो जिन्यात रोज दिसतो. त्या पिशवीत गवंडीकामाची थापी असते."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती ओलीजवळ भिंतीला हात टेकवून खाली बसली. म्हणाली, "बाबांनी बॅग भरून ठेवलीय हो. आता त्यांना काय सांगू, खोली तयार नाही? ते तर वाटच बघतायत असं काहीतरी ऐकायची." मला फार वाईट वाटलं. मी पंखा लावला.

मेहुण्याने या वेळी डोळे उघडे ठेवून ऐकलं. त्याने बिल्डरच्या ऑफिसला फोन केला होता. गवंड्याने खरोखरच शब्दन्‌ शब्द सांगितलं होतं.

"भावोजी, ते दुरुस्ती करत नाहीत, ही आपली तक्रार होती. आता त्यांचं म्हणणं आहे की तुम्ही करू देत नाही. आणि त्यांचं म्हणणं खरं आहे."

"मिक्सरमुळे ऐकण्यात चूक झाली असं सांगू."

"सांगू. पण तुमच्या कानाचा दोष बिल्डरच्या मुदतीत बसत नाही."

"मग आता कुठला मार्ग उरला?"

"तडजोड," तो म्हणाला. "खरीखुरी."

तडजोडीला ही आणि तिचा भाऊ बिल्डरच्या ऑफिसात गेले. मला बाहेर बाकावर बसवलं होतं. आतून आधी कुजबुज ऐकू आली, मग हसणं, मग बरंच हसणं. दोघं लगेचच बाहेर आली.

"उद्याच काम सुरू होईल," मेहुणा म्हणाला. "ओलीसकट सगळं, त्यांच्या खर्चानं. त्यांची एकच अट आहे. काम होईपर्यंत तुम्ही घरात थांबायचं नाही."

"आणि तुम्ही मान्य केलंत? मला न विचारता?"

"ताईनं त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मान्य केलं. माझ्या सबंध वकिलीत एवढी झटपट तडजोड मी पाहिली नाही."

तेव्हापासून काम चालू असताना मी बिल्डिंगच्या खाली बाकावर वर्तमानपत्र वाचत बसत असे. वरून ठोकण्याचे आवाज येत. शेजारी जाता-येता हसे. शेवटी भिंत भरली, खडखडीत वाळली, पांढरी झाली; गवंडी आता कोपरे पुसून घेत होता, आणि माझी शिक्षा तेवढी बाकी होती. तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. सासरे उतरले. एका हातात बॅग, चेहऱ्यावर तोच जुना संकोच.

मी पुढे होऊन बॅग घेतली.

"जावईबापू, मी आलो ते अडचणीचं नाही ना? खोलीचं काही चाललंय असं कानावर आलं होतं."

"छे हो बाबा. सगळं मिटलं. तडजोड झाली."

टॅक्सी वळत होती, तिचा आवाज होता. त्यांनी कानामागे हात धरला.

"तडा जोडला? वा." त्यांनी समाधानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खरं सांगू, तुम्ही घरी असताना हे काम इतक्या लवकर होईल असं मला वाटलं नव्हतं."

"मी नव्हतोच," मी म्हणालो.