सोनपेठचा समुद्र

दिनकररावांनी पाचवा दगड उचलून चौथ्याच्या डावीकडे ठेवला, दोन पावलं मागे सरकून मान तिरकी केली आणि विचारलं, "आता?"

ओसरीवर पाटावर बसलेल्या कमलबाईंनी काचेच्या पेटीकडे नीट पाहिलं. "आता चुलीसारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. "वर तवा ठेवला की झालं."

दिनकररावांनी बाह्या आणखी वर सारल्या आणि पुन्हा कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. बायको हसली नव्हती, पण निदान बोलली होती. हल्ली एवढ्यावरही त्यांची सकाळ चांगली जात असे.

दिनकरराव मूळचे मालवणचे. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि दुसऱ्याच वर्षी त्यांची बदली डॉक्टर म्हणून सोनपेठच्या गुरांच्या दवाखान्यात झाली, राहायचं घरही त्याच आवारात. सरकारनं त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी कमलबाईंना विचारलं नाही. कमलबाईंनी कधी तक्रार केली नाही. केली असती तर बरं झालं असतं, दोन गोष्टी बोलून मोकळं होता आलं असतं. त्या फक्त संध्याकाळी ओसरीच्या टोकाला उभ्या राहत, लांबवर बघत, आणि "वारा कसा तो नाहीच इथं," असं म्हणून आत जात. ते एक वाक्य ऐकलं की दिनकररावांना जेवण गोड लागत नसे.

आता कमलबाईंना सातवा महिना होता. बाळंतपणाला न्यायला त्यांचे वडील आबा यायचे होते. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात काही वावगं नव्हतं. पण आबांच्या पत्रात शेवटी दोन ओळी होत्या, 'तुमची बदली होईपर्यंत कमल इथंच राहिली तर बरं. तिकडची हवा तिला मानवत नाही असं दिसतं.' ते पत्र दिनकररावांनी चार वेळा वाचलं आणि कमलबाईंनी एकदाच वाचून फडताळात ठेवलं. "मी परत येईन" असं त्या म्हणाल्या नाहीत. विचारायची दिनकररावांची छाती होईना.

कमलबाईंचं मन इथं रमावं म्हणूनच तर समुद्र आणला होता. कमलबाईंना नुकतेच दिवस गेलेले, म्हणून दिवाळीनंतर मेहुण्याच्या लग्नाला दिनकरराव एकटेच मालवणला गेले, तेव्हा त्यांनी किनाऱ्यावरून शिंपले गोळा केले, कोळ्यांकडून पोवळ्याचे दोन मोठे तुकडे मिळवले, एक सांबराच्या शिंगासारखा फांद्या फुटलेला आणि एक गोल, सुरकुतलेला. शिवाय एक पत्र्याचा डबा भरून समुद्राचं पाणी घेतलं. मनमाडला गाडी बदलताना हमालानं डबा आडवा ठेवला आणि अरबी समुद्र फलाटावर वाहून गेला. परभणीच्या स्टेशनवर दिनकररावांनी डबा नळाखाली धरला, भजीवाल्याकडून मूठभर जाडं मीठ मागून आत टाकलं, आणि घरी येऊन सांगितलं, "हे बघ, थेट मालवणचं पाणी!"

कमलबाईंनी पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले. "हो," त्या म्हणाल्या, "आपलंच आहे."

तेव्हापासून दिनकररावांना झोप गोड लागेना. एवढ्या मोठ्या डब्याला मूठभर मीठ म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. मग ते रोज पहाटे, बायको उठायच्या आधी, मिठाच्या बरणीतून एक मूठ, ते पाणी ओतलेल्या काचेच्या पेटीत टाकू लागले.

मांडणीचं मात्र काही केल्या जमेना. मोठे दगड गोदावरीच्या पात्रातले, काळेभोर, गुळगुळीत. ते दवाखान्याचा शिपाई मल्हारी खांद्यावरून घेऊन आला होता. दिनकररावांनी कॉलेजात असताना एक पुस्तक वाचलं होतं. सगळ्यात उंच दगड मधोमध ठेवू नये, काचेपासून दोन बोटं जागा सोडावी, खाली कपार राखावी आणि पोवळं असं बसवावं की ते दगडातूनच उगवलंय असं वाटलं पाहिजे. कमलबाईंना पुस्तक माहीत नव्हतं, पण त्यांना मालवणचं खडप माहीत होतं, ओहोटीला उघडी पडणारी खडकांची रांग. "खडप असं नसतं," त्या म्हणत, "ते एका अंगाला कललेलं असतं. लाटा एका बाजूनं येतात ना."

आणि मल्हारीचं म्हणणं तिसरंच. तो धनगराच्या घरातला. त्याच्या आयुष्यात माणसानं हातानं मांडलेले दगड म्हणजे शेताच्या बांधावरचे देव. पाच दगड, एका रांगेत, मोठा मधी. त्यामुळे दिनकररावांनी संध्याकाळी कलते ठेवलेले दगड सकाळी झाडलोट झाली की शाळेतल्या पोरांसारखे सरळ रांगेत उभे असत.

"मल्हारी, तू दगड हलवलेस?"

"न्हाई हलवले, साब. नीट केले. वाकडे ठिवले की बराबर दिसंना."

मल्हारीची बायको कासाबाई रोज ताक घेऊन यायची. तिनं एक दिवस पाण्यात हात घालून मधल्या दगडाला कुंकू लावलं. सगळा समुद्र गुलाबी झाला. "देवाला कोरडं ठिवू न्हाई, माय," ती कमलबाईंना म्हणाली, "पर तुमचा देव तर बुडालाय की गं!" कमलबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. दिनकररावांनी ते पाहिलं आणि गुलाबी पाण्याबद्दलची तक्रार गिळून टाकली.

उन्हाचे दिवस आले. पाणी आटू लागलं, आणि एक विचित्र गोष्ट दिसू लागली. दगडांची जी टोकं पाण्याबाहेर राहिली, त्यांवर पांढरा थर चढला. पोवळ्याच्या फांद्या पांढऱ्याफेक झाल्या. काचेच्या आतून पांढऱ्या रेघा उमटल्या. दिनकररावांनी मनात हिशेब मांडला. रोज एक मूठ टाकूनही इतकं मीठ व्हायला नको होतं. बरणीसुद्धा दर चार दिवसांनी रिकामी होत होती. पण हे विचारायचं कुणाला? विचारलं तर आपलंच पितळ उघडं पडायचं.

आणि मग मल्हारीची शेळी आजारी पडली.

दोन दिवस तिनं पाल्याला तोंड लावलं नव्हतं. दिनकरराव पोखर्णीला गुरांना लस टोचायला गेले होते, संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. मल्हारीनं शेळी ओसरीवर आणून बांधली आणि वाट बघत बसला. धनगराला एक गोष्ट कळते, मीठ दिसलं की शेळीचा जीव वर येतो. शेळीनं मान लांब केली आणि पेटीतलं पांढरं पोवळं चाटायला सुरुवात केली. मल्हारीनं इकडं तिकडं पाहिलं आणि पेटी तिच्याकडे जराशी सरकवली. अर्ध्या तासानं त्यानं सोडताच शेळी हौदावर जाऊन भरपूर पाणी प्याली आणि दवाखान्याच्या कुंपणाचा पाला खाऊ लागली.

हे नेमकं पाहिलं मल्हारीचा चुलतभाऊ रायभान यानं. "काय इलाज केला रं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई. मीठ चाटलं."

"मीठ तर आमी बी देतो. आमच्या शेळ्या अशा न्हाई उठत."

मल्हारीला वाटलं, दवाखान्याची इज्जत वाढत असेल तर आपण काहून आड यावं? तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "ह्ये सरकारी मीठ हाय."

रायभानानं ते वाक्य राणीसावरगावपर्यंत पोचवलं.

आबा आले तो नेमका बाजाराचा दिवस. दिनकररावांनी पहाटे उठून ओसरी झाडून घेतली, मूठभर मीठ टाकलं आणि दगड खडपासारखे कलते लावले. आबांनी आल्याबरोबर पेटी पाहावी आणि पोरीला इथं काही कमी नाही हे त्यांना कळावं, असा बेत होता. मग ते बसस्टँडवर गेले. बस उशिरा आली. धुळीनं माखलेले आबा खाली उतरले, त्यांनी चहूकडे पाहिलं आणि जावयाला विचारलं, "हंय पाणी खंय आसा?"

"आहे ना, घरीच आहे," दिनकरराव उत्साहानं म्हणाले. "चला, दाखवतो."

दवाखान्याच्या वळणावर पोचले आणि त्यांची पाचावर धारण बसली. ओसरीवर, ओसरीखाली, कुंपणात, जिकडं बघावं तिकडं शेळ्या. साठ-सत्तर तरी असतील. मधूनमधून मेंढ्याही होत्या. धनगर काठ्या टेकून शिस्तीत उभे होते आणि रायभान ओरडत होता, "एकेक करून! धक्का नका देऊ! सरकारी काम हाय!" मल्हारी पेटीपुढे दोन्ही हात पसरून उभा होता आणि कुणी त्याचं ऐकत नव्हतं.

"डाक्टरसाब आले!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळे एकदम पुढे सरकले. एका दांडग्या बोकडानं दोन्ही पुढचे पाय पेटीच्या काठावर ठेवले. खालचा पाट कलला, पेटी कलली, आणि दिनकररावांच्या डोळ्यांदेखत मालवणचा समुद्र ओसरीवरून पायऱ्यांवर आणि पायऱ्यांवरून आबांच्या वहाणांवर आला. काच फुटली नाही, एवढंच नशीब. शिंपले धुळीत लोळले. शेळ्यांनी मात्र वेळ घालवला नाही. त्या पायऱ्या चाटू लागल्या. एक तर आबांचं धोतरच चाटायला लागली.

आत कमलबाई दारात उभ्या होत्या.

आबांनी वाकून ओल्या पायरीला बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. त्यांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला. त्यांची उभी हयात गलबतावर गेली होती. "ह्यां पाणी मालवणचां न्हय," ते म्हणाले. "दर्या इतको खारट नसता!"

आता लपवून काय उपयोग? "कमल," दिनकरराव म्हणाले, "पाणी मनमाडलाच सांडलं. हे परभणीच्या नळाचं. मीच मीठ टाकत होतो, रोज पहाटे. तुला कळू नये म्हणून."

कमलबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं! पाणी गोडच होतं. तुम्ही एवढ्या लांबून आणलंत म्हणून मी म्हटलं आपलंच आहे. मग तुमच्या लक्षात येऊ नये म्हणून मीच रोज दुपारी मूठभर टाकत होते."

तेवढ्यात मल्हारीनं घसा खाकरला.

"म्या बी टाकायलो व्हतो, साब," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "उन्हानं पाणी आटायलंय, तर बाईसाबाचा समुद्र कमी पडू नये म्हणून तांब्याभर पाणी आन् दोन मुठी मीठ. झाडलोट झाली की."

कमलबाई हसल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मग दाराच्या चौकटीला धरून खाली बसून. "दोन मुठी!" त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणि आम्ही दोघं वेगळे!" दिनकररावांनी त्यांना असं हसताना मालवण सोडल्यापासून पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलं नाही, कारण आता लपवण्याचा त्यांना कंटाळा आला होता. बोकडाला काही त्याचं सोयरसुतक नव्हतं, तो पोवळ्याची एक फांदी चघळत उभा होता.

पुढचे दोन दिवस पेटी पुन्हा मांडण्यात गेले. कासाबाईनं दोन घागरी पाणी आणलं, रायभान शरमेनं पायलीभर मीठ घेऊन आला आणि कमलबाईंनी त्यातलं मोजकं तेवढं टाकलं. आबा धोतर खोचून पेटीपुढे बसले आणि त्यांनी चौथंच मत दिलं, की उंच दगड पाठीशी हवा, वाऱ्याला आडोसा. त्यावर मल्हारी आणि आबा तासभर भांडले. एकाला दुसऱ्याची भाषा निम्मीच कळत होती, पण दोघांचं अडलं नाही. शेवटी कासाबाईनं कनवटीतून तिच्या सासूच्या झिजलेल्या चांदीच्या मासोळ्या काढल्या, बायका पायांच्या बोटांत घालतात त्या, आणि दोन दगडांच्या कपारीत सोडल्या. "पाण्यात मासळी न्हाई, त्यो कसला समुद्र?" ती म्हणाली.

निघायच्या दिवशी दिनकररावांनी विचारायचं असं तीनदा ठरवलं आणि तीनदा विषय बदलला. बसस्टँडवर मल्हारीनं कमलबाईंची ट्रंक उचलली आणि दाणकन खाली ठेवली. "बाईसाब, काय भरलंय ह्यात? लोखंड हाय का काय?"

"सांभाळून," कमलबाई म्हणाल्या.

झाकण नीट बसत नव्हतं म्हणून दिनकररावांनीच ते उघडलं. वरच जुन्या लुगड्यात गुंडाळलेला काळाभोर दगड होता, गोदावरीतला, सगळ्यात उंच. ज्याच्यावरून गेले चार महिने घरात कुणाचंच एकमत झालं नव्हतं तोच. कपाळाच्या जागी कासाबाईनं लावलेल्या कुंकवाचा फिकट डाग अजून होता.

"मालवणात दगड नाय आसत काय गो?" आबा वैतागून म्हणाले.

"आहेत. हा नाही," कमलबाई म्हणाल्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. "दोन जीव घेऊन परत येईन, तेव्हा हाही घेऊन येईन. त्याची जागा मोकळी ठेवा. आणि मीठ टाकू नका."

बस धूळ उडवत गेली. दिनकरराव घरी आले तेव्हा मल्हारी त्यांच्या आधी पोचला होता आणि पेटीपुढे उकिडवा बसून उरलेले चार दगड सरळ रांगेत लावत होता. दिनकरराव त्याच्या शेजारी बसले, त्यांनी दगड दोन्हीकडे सरकवले आणि मधे एक हातभर जागा केली.

मल्हारीनं जागेकडे पाहिलं, मान डोलावली. "बराबर हाय, साब," तो म्हणाला. "मोठा मधीच पाह्यजे."