हेगन तळ्यावर व्हर्लिनचा तळ

रविवारी चर्चहून आल्यावर दुसरी कॉफी ओतता ओतता ऑरिन लुंडबॉर्गने जाहीर केलं, की यंदा मासेमारीसाठी कुठल्या तळ्याकाठी तंबू ठोकायचे ते जावई ठरवेल. चाळीस उन्हाळे हा अधिकार म्हाताऱ्याने कुणाच्या हाती जाऊ दिला नव्हता. जावई व्हर्लिन खुर्चीत जरा ताठ बसला. आपली लायकी या घराला एवढ्या उशिरा कळली, याचंच त्याला नवल वाटलं.

"जमलं नाही तर पुढच्या वर्षापासून वेंडल ठरवेल. कायमचं," ऑरिनने कपात चमचा फिरवत जोडून दिलं.

वेंडल हा ऑरिनचा मुलगा, म्हणजे व्हर्लिनचा मेव्हणा. त्याच्याकडे चाकांवरचं एक घर होतं. त्यात टीव्ही होता, न्हाणीघर होतं, बर्फ बनवणारं यंत्र होतं आणि गाद्या अशा होत्या की माणूस तळ्याकाठी आलाय हे विसरूनच जावा. वेंडलच्या हाती निवड गेली, तर उरलेले सगळे उन्हाळे पोहण्याचा हौद, घसरगुंडी आणि संध्याकाळचा बिंगो असलेल्या जागी काढावे लागणार होते. अशा जागांना व्हर्लिन 'गाड्या उभ्या करायचं मैदान' म्हणे. जमिनीवर झोपून ज्याची पाठ धरली नाही त्याने गळाला हात लावू नये, असं त्याचं ठाम मत होतं. त्याच्याजवळ ठाम मतांचा तुटवडा कधीच नव्हता.

मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला माणसं तशी भलतीच सरळ. रस्त्यात कुणाचा हातमोजा पडलेला दिसला तर उचलून कुंपणाच्या खांबावर खोचून ठेवतील. पण मासे कुठे लागतात, हे सख्ख्या भावालाही खरं सांगायचे नाहीत. ज्या तळ्यात मासे असतील त्याला शिव्या घालायच्या आणि ज्यात नसतील त्याचे गोडवे गायचे, ही इथली रीत. सगळेच खोटं बोलतात आणि ते सगळ्यांनाच ठाऊक असतं, त्यामुळे कुणाचं नुकसान होत नाही. या विद्येत आपला हात धरणारा जिल्ह्यात कुणी नाही, असं व्हर्लिन समजे. आणि खरं सांगायचं तर गावही तसंच समजे. व्हर्लिनची होडी दिसली की तिथे आपली होडी घालणारे बरेच होते.

तेव्हा तो डोरीनच्या दुकानात गेला. ही बाई गावाला गळाला लावायच्या जळवा, गांडुळं आणि गळ विकायची.

"टॅमरॅक तळ्यावर जा," डोरीन जळवांचा डबा भरत म्हणाली. "वॉलआय मासे नुसते तुटून पडतायत. हेगन तळ्यावर मात्र मरायला जाऊ नकोस. सगळं शेवाळ आहे, डास आहेत, आणि गळाला लागलंच काही तर मिशीवाले बुलहेड. संडासाचं दारसुद्धा निखळलंय."

व्हर्लिनने चेहरा गंभीर ठेवून मान डोलावली आणि बाहेर येऊन गालातल्या गालात हसला. शेवाळ, डास इथवर ठीक होतं. पण संडासाच्या दारापर्यंत जाणं हा अतिरेक झाला. खरं बोलणारा माणूस एवढ्या खोलात शिरत नाही. खात्री करायला त्याने चर्चच्या पाद्रीबुवांनाही विचारलं, तर त्यांनीही हेगनचं नाव काढताच तोंड वाकडं केलं. देवाचा माणूस ज्यासाठी खोटं बोलायला तयार होतो ते मासे केवढे असतील, या कल्पनेने व्हर्लिनला त्या रात्री झोप लागेना.

"अहो, पण ती जागा खरंच वाईट असली तर?" त्याची बायको जनेल म्हणाली.

"तू ऑरिन लुंडबॉर्गची मुलगी ना? मग असले प्रश्न शोभत नाहीत तुला."

जनेलने सामानाच्या यादीत डासांचं औषध लिहिलं. बारा वर्षांच्या संसारात तिला न बोलण्याची चांगली सवय झाली होती.

गुरुवारी सगळे हेगनला पोचले. तिथे चिटपाखरू नव्हतं. "बघा, सगळ्यांना कसं फसवून ठेवलंय," व्हर्लिन अभिमानाने म्हणाला. मग ते संडासाकडे गेले. दार खरंच निखळलेलं होतं आणि शेजारच्या बर्चच्या झाडाला टेकून ठेवलेलं होतं. व्हर्लिन त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मनात पाल चुकचुकली, पण तिला हाकलून देऊन त्याने तंबू ठोकायला घेतला.

वेंडलचं चाकांवरचं घर काळ्या चिखलात अर्ध्या चाकापर्यंत रुतलं. व्हर्लिनला तेवढाच आनंद झाला, आणि तो शेवटचाच ठरला. होडीचं इंजिन शेवाळात असं अडकलं की वल्ह्याने परतावं लागलं. शुक्रवारी दिवसभर गळ टाकून हाती आले ते बुलहेड, काळे, बुळबुळीत, आणि काट्याने बोट फोडणारे. डासांनी वेंडलच्या बायकोचा डोळा सुजवला. जनेलने घरून आणलेली हॉटडिश, मटणाच्या खिम्यावर बटाट्याचे गोळे रचून भाजलेली, तेवढीच पोटाला आधार होती. ऑरिन घडीच्या खुर्चीत बसून सगळं बघत होता. कुणी विचारलं तर "याहून वाईट असू शकतं" एवढंच म्हणे. वेंडल मात्र आता उघड उघड शीळ घालू लागला होता. पुढच्या वर्षीचं घसरगुंडीचं ठिकाण त्याच्या डोळ्यांपुढे तरळत होतं.

अशा वेळी लाकडाच्या गिरणीतला लॉयल गाडीने तिथून चालला होता. व्हर्लिनची गाडी पाहून त्याने आपली थांबवली.

"काय, लागतायत का?"

दोन दिवस चावा सोसलेला माणूस जितकं खरं बोलतो तितकं व्हर्लिन बोलला. "काही नाही रे. बुलहेड आहेत. शेवाळ आहे. संडासाला दार नाही. चुकूनही येऊ नकोस."

लॉयलने त्याच्याकडे आदराने पाहिलं. "बरं बरं," म्हणाला आणि गाडी हाणली. तासाभरात तो बायको, भाऊ आणि दोन होड्या घेऊन हजर झाला.

शनिवारी सकाळपर्यंत हेगनच्या काठावर तंबू ठोकायला जागा उरली नाही. व्हर्लिन प्रत्येकाला गाठून परत पाठवू बघे. हात जोडी, शपथा घाली, सुजलेलं बोट दाखवी. तो जितका गयावया करी तितके लोक घाईने खुंट्या ठोकत. शेवटी एका जाड्या माणसाला दंडाला धरून तो संडासापाशी घेऊन गेला आणि ते दार दाखवलं. जाड्याने बिजागऱ्या वाकून नीट न्याहाळल्या.

"छान काढलंयस," तो कौतुकाने म्हणाला. "लोकांना खरंच वाटेल."

संध्याकाळी शेकोट्या पेटल्या. कुणालाच काही लागलं नव्हतं आणि प्रत्येक जण तसं सांगतही होता. त्यामुळे दुसऱ्यांना भरपूर लागलेत याची प्रत्येकाला खात्री पटली आणि कुणी हलेना. एवढी मोठी माणसं चिखलात बसून एकमेकांचं खरं बोलणं असं हसून सोडून देत होती.

ऑरिन आणि जनेल सकाळीच पाव आणि बर्फ आणायला गेले होते. ते अंधार पडायच्या बेताला परतले. जनेलने गाडीच्या मागून बर्फाची पेटी ओढली आणि झाकण उघडलं. आत सोनेरी पोटाचे, जाडजूड वॉलआय एकाला एक लागून पडले होते, कायद्याने दिवसाला जेवढे पकडता येतात तेवढे सगळे. आजूबाजूची माणसं हळूहळू जमली.

"बाबा, हे कुठे लागले?" वेंडलने विचारलं.

"टॅमरॅकवर," ऑरिन शांतपणे म्हणाला.

सगळा काठ हसत सुटला. लॉयलने मांडीवर थाप मारली. म्हातारा मेला तरी हेगनमधली आपली जागा सांगायचा नाही, असं तो म्हणाला. लोक हळूच आपापल्या होड्यांकडे बघू लागले. वेंडलचंही तोंड उतरलं होतं, पण माणूस रीतीचा पक्का. तो पुढे झाला आणि त्याने मेव्हण्याचा हात हातात घेतला.

"मानलं तुला," तो म्हणाला. "माझं चुकलं. निवड यापुढे तुझीच. दरवर्षी इथेच यायचं."

व्हर्लिनचं लक्ष जनेलच्या गाडीकडे होतं. चाकांना लाल माती लागली होती. हेगनची माती काळीकुट्ट, आणि लाल माती असलेलं तळं त्या भागात एकच, टॅमरॅक. खरं बोलावं तर हक्क वेंडलकडे जाणार होता, आणि तसंही आता त्याच्यावर विश्वास ठेवतो कोण? त्याने मूग गिळले आणि वेंडलचा हात हलवला.

जेवणाच्या वेळी ताटली घेऊन तो सासऱ्याशेजारी जाऊन बसला. त्याला मनापासून लाज वाटत होती.

"तुम्हाला आधीच ठाऊक होतं ना?"

"चाळीस वर्षं मी तळं निवडलं म्हणजे काय केलं, सांगू?" ऑरिन म्हणाला. "डोरीनला विचारलं. त्याआधी तिच्या आईला. त्यांना जळवा विकायच्या असतात रे. गिऱ्हाइकाला मासे लागले नाहीत तर ते परत कशाला येईल?"

व्हर्लिनने पायाने चिखलात एक रेघ ओढली. ती लगेच बुजली. मग आवाज उतरवून तो म्हणाला, "पुढच्या वर्षी पाव आणायला मीही येईन तुमच्याबरोबर."

"छे, तू कसा येशील?" ऑरिन म्हणाला. "तू इथे दिसला नाहीस तर ही सगळी मंडळी तुला शोधत टॅमरॅकला येतील."

आणि तळलेल्या माशाचा एक मोठा तुकडा त्याने जावयाच्या ताटलीत वाढला.