निर्दोष कोडेक

कार्यालयातल्या एकमेव धडक्या संगणकावर व्हिडिओ अडखळू लागला, ही बाब गंभीर होती. दुपारी मोठे साहेब येणार होते आणि त्यांना कार्यालयाच्या प्रगतीचा व्हिडिओ दाखवायचा होता. तो नीट दिसला तर हेडक्लार्क भाऊसाहेबांची बढती पक्की. नाही दिसला तर आहे ती खुर्चीही डळमळीत!

मेकॅनिक आला, त्याने आत डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, ही कोडेकची नुसती खोगीरभरती झालीय! कोडेक म्हणजे व्हिडिओ उलगडून दाखवणारा प्रोग्राम. चांगला एक पुरतो, तुम्ही डझनभर घेऊन बसलात. नको ते काढून टाकू."

"नको ते म्हणजे कुठले?" भाऊसाहेबांनी विचारलं. "हे ठरवायचा अधिकार मला नाही हो."

अधिकार समितीला होता. समिती बसली, चहा झाला. सबळ कारणाशिवाय कुणालाही काढता येत नाही, असा नियम निघाला. म्हणजे कारण शोधणं आलं. संगणकातली चुकांची नोंद उघडली, तर काय! सगळ्या चुका एकाच कोडेकच्या नावावर. बाकीचे धुतल्या तांदळासारखे स्वच्छ.

"अहो, तो एकटाच काम करतोय!" मेकॅनिक कळवळून म्हणाला. "बाकीचे नुसते त्याच्या पायात पाय घालतात. त्यांच्या हातून चुका होणार कुठून?"

"म्हणजे ते निर्दोष आहेत, हे तुम्हालाही मान्य आहे तर," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

भाऊसाहेबांना सगळं कळत होतं, बिचाऱ्यांचा जीव तुटत होता. पण बढतीच्या तोंडावर समितीशी वाकडं कोण घेणार? त्यांनी मुकाट्याने मान डोलावली आणि स्वतःच्या हातांनी तो कामसू कोडेक काढून टाकला.

दुपारी साहेब आले. पडदा काळाकुट्ट. भाऊसाहेबांनी चाचरत सारी हकिगत सांगितली. साहेब ताडकन उठले.

"वा! काय सोपी पद्धत आहे! ही माणसांना का लावत नाही तुम्ही?"

लगेच लावली. कार्यालयातल्या चुका तपासल्या, तर एकूण एक भाऊसाहेबांच्या निघाल्या. निघणारच! कागदाला हात लावणारे तेवढे एकटेच होते. संध्याकाळच्या आत त्यांना नारळ मिळाला.

तेव्हापासून या कार्यालयाच्या हातून एकही चूक झालेली नाही. काय म्हणता, तुमचा अर्ज तिथेच पडून आहे? असेल की. पण त्यात कुणी एक तरी चूक केली का, सांगा बरं!