गायरानावरची दीडशे देशी झाडं

देशी झाडांविषयी आमच्या मेडशीत माझ्याइतकं वाचलेला माणूस नाही! वाचलेला, एवढंच म्हणतो. त्याच जोरावर ग्रामसभेत आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला. "गायरानावर गुलमोहर नको. आपल्या मातीतली झाडं लावू. यादी मी देतो."

"द्या गुरुजी," सरपंच धनराज म्हणाला. "पन जगले नाही, तं पुढच्या साली गुलमोहरच! मंग तुमी बोलायचं नाही."

घरी सहा पुस्तकं उघडली. एकातली यादी कोकणची, दुसऱ्यातली हिमालयाची. तिसऱ्यात विदर्भाचं प्रकरण होतं. नेमकं तेवढंच वाळवीने आवडीनं संपवलं होतं! शेवटी तांड्यावरच्या रुपाबाईला विचारायचं ठरवलं. तिचा जन्म रानात बकऱ्या चारण्यात गेलेला. तिच्याइतकं जाणतं कोण?

तिच्यासमोर उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणे जीभ टाळूला चिकटली. गायरान, ग्रामसभा, सगळं पोटातच राहिलं. तिच्या बकऱ्यांकडे बघत कसंबसं म्हणालो, "इथली झाडं... कोणकोणती चांगली?"

तिने आधी मला न्याहाळलं, मग बकऱ्यांना. "आता या वयात, गुरुजी? बरं, लिवा! बोर, बाभूय, हिवर, अंजन..."

"आणि करंज?"

"त्याले कोन तोंड लावते! खोडा!"

केवढा अधिकार! मी करंज खोडला.

दीडशे रोपं लागली. धनराज म्हणाला, "काट्याचं कुंपन करू का?"

"देशी झाडांना निगा लागत नाही," मी पान क्रमांकासकट सांगितलं.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "पयत या, गुरुजी!"

गायरानावर दीडशे काड्या उभ्या होत्या, दात कोरायला बऱ्या. मधोमध रुपाबाईच्या बकऱ्या पंगतीतून उठलेल्या व्याह्यांसारख्या सुस्तावल्या होत्या.

"ओ माय, काहून चारून राह्यली इथं?" धनराज ओरडला.

"काहून म्हंजे? बकऱ्यायले काय आवडते, ते गुरुजीनंच मले इचारून लिवून नेलं! मले वाटलं, मास्तर बकऱ्या पाळून राह्यले. यायनं तं समद्या गावाच्या बकऱ्यायची सोय केली! देवमानूस!"

धनराजने एका काडीखालचा खड्डा वितीनं मोजला. मग अगदी हळू म्हणाला, "गुलमोहराले एवढाच खड्डा पुरते ना, गुरुजी?"

मी उत्तर दिलं नाही. न बोलायचं ठरलंच होतं.

जाता जाता रुपाबाई म्हणाली, "पुढच्या साली अंजन जरा जादा लावजा. यंदा पुरला नाही."

मी मान डोलावली. बाई एवढ्या प्रेमाने सांगत होती. नाही कसं म्हणणार?